बासचा पिकअप तार कुठून ऐकतो

वाद्यवृंदात बास गिटार वाजवणाऱ्याला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते डग्ग्याशी. डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची धूम, की-बोर्डवाल्याचा डावा हात, सगळं शंभर हर्ट्झच्या आगेमागे गोळा झालेलं असतं. बासची जाड ई तार मोकळी छेडली की तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. आमच्या सांगली-मिरजेकडच्या हॉलमधले बहुतेक स्पीकर इतकं खालचं काही धड काढतच नाहीत. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला बास म्हणून जे कळतं ते त्या स्वराच्या वरच्या उपस्वरांवरून, म्हणजे मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट अशा सोबत वाजणाऱ्या स्वरांवरून कळतं, आणि त्यातले पहिले एक-दोन उपस्वर नेमके डग्ग्याच्या अंगावर जाऊन पडतात.

माझा बास फेंडर कंपनीच्या प्रिसिजन पद्धतीचा, जुना विकत घेतलेला. त्यात दोन तुकड्यांचा एकच पिकअप, म्हणजे तारांचं हलणं विजेत बदलणारा, चुंबक आणि तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याचा (कॉइलचा) भाग, खाली सिरॅमिक लोहचुंबकाची पट्टी. भावगीत असो की लावणी, ई तारेवर आवाज पसरट यायचा आणि सगळ्यात बारीक ‘जी’ तारेवर टोकदार. साउंडवाले दादा मिक्सरवर खालचं कमी करायचे, मधलं वाढवायचे, पण पिकअपने तारेतून जे उचललंच नाही ते मिक्सर आणणार कुठून? तेव्हा मुळाशी जायचं ठरवलं. पिकअप कुठे बसतो, त्यात किती वेढे आहेत, चुंबक कोणता आणि पुढे काय काय जोडलंय, यातली एकेक गोष्ट वेगळी काढून ऐकायची, आणि जे सापडेल त्यावरून स्वतःचा पिकअप गुंडाळायचा.

पिकअपचं तत्त्व १८३१ मधलं, फॅरडेचं. चुंबकाजवळ पोलादी तार असते, चुंबक तिलाही थोडं चुंबकत्व देतो. तार हलली की कॉइलमधून जाणारा चुंबकी प्रवाह बदलतो आणि कॉइलच्या दोन टोकांत विजेचा दाब तयार होतो. लाकडाचा थरार, हवेतला आवाज यातलं काहीही पिकअप थेट ऐकत नाही. आपल्या डोक्यावर तारेचा जो दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा आहे, त्याचं हलणं तेवढं तो ऐकतो. माझ्या सगळ्या खटाटोपात शेवटपर्यंत उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

हा विषय सुरू झाला तो कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात. लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. स्वतः गिटार वाजवत नसत. १९५१ मध्ये त्यांनी प्रिसिजन बास काढला तेव्हा त्याला चार तारांखाली चार चुंबकी खुंट्या, म्हणजे पोलपीस, असलेला एकच सरळ कॉइल होता. खुंटी तारेच्या बरोबर खाली असली की बोटाचा पहिला ठोका फार जोरात येतो, आणि त्या काळच्या स्पीकरना तो मानवत नसे. १९५७ मध्ये त्यांनी कॉइल दोन तुकड्यांत मोडला आणि प्रत्येक तारेला दोन खुंट्या दिल्या, तार मधोमध जाईल अशा. ठोक्याची धार उतरली, आवाज गोल झाला. १९६० च्या जॅझ बासला दोन सरळ पिकअप, प्रत्येकात आठ खुंट्या. पुढे १९७६ मध्ये म्युझिक मॅन स्टिंगरे आला, त्यात जाड खुंट्यांच्या दोन रांगांचा हंबकर, म्हणजे विजेची घूं मारणारा दुहेरी कॉइलचा पिकअप, दोन्ही कॉइल समांतर जोडलेले. यातली पहिली दोन नावं पुढे येत राहतील. बासच्या आवाजाबद्दल जगभर जे बोललं जातं त्यातलं निम्मं या तिघांभोवतीच फिरतं.

प्रयोगासाठी एक वाद्यच वेगळं करून घेतलं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तुणाचं लाकूड मिळतं, सतार-तंबोऱ्याच्या दांडीला वापरतात तेच. त्याची जाड फळी घेतली, तिला जुन्या बासचा नेक (दांडी) आणि ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) बसवला, आणि ब्रिजपासून नेकच्या टोकापर्यंत मधे सलग खाच पाडून घेतली. खाचेच्या दोन्ही कडांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर जॅझ पद्धतीचा सरळ पिकअप मागेपुढे सरकवता येईल असा. तारेची लांबी नेहमीची, ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. ब्रिजपासून पाच सेंटिमीटरपासून पंचवीसपर्यंत पिकअप हवा तिथे थांबवता यायचा.

अडचण बोटाची होती. बोट प्रत्येक वेळी सारख्या जोराने पडत नाही, आणि पिकअपकडे बघत छेडलं की हात आपोआप त्याच्या दिशेने सरकतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत यावर जुनी युक्ती आहे, ती वापरली. तांब्याची बारीक वाइंडिंग वायर, ३८ नंबरची, तारेखालून घालून तिची दोन्ही टोकं एकत्र धरायची आणि ती तुटेपर्यंत सावकाश वर ओढायची. तांबं दर वेळी जवळपास सारख्याच ताणाला तुटतं, त्यामुळे तार दर वेळी सारख्याच जोराने सुटते. फास ब्रिजपासून कायम १२ सेंटिमीटरवर. प्रत्येक वेळी एक छोटासा ‘टक्’ आणि मागोमाग स्वच्छ, लांब स्वर. मग ते रेकॉर्डिंग संगणकावर घेऊन कुठला उपस्वर किती आला ते पाहायचं.

पिकअप ब्रिजपासून सहा सेंटिमीटरवर असताना आवाज बारका, नाकातला आणि कडक. तार ब्रिजजवळ हलतेच थोडी. हिशेबाने पाहिलं तर मोकळ्या तारेचा मूळ स्वर तिथे एकवीस-बावीस सेंटिमीटरवरच्यापेक्षा तिपटीहून कमी पडतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तसंच दिसलं. म्हणूनच ब्रिजकडच्या पिकअपला बनवणारे बऱ्याचदा थोडे जास्त वेढे देतात. नेककडे सरकवत नेलं की मूळ स्वर फुगत जातो, वरचे उपस्वर मागे पडतात, आणि पंचवीस सेंटिमीटरवर नुसता घुमारा उरतो, ज्यात कुठला स्वर वाजतोय ते खालच्या तारेवर नीट कळतही नाही. गिब्सन कंपनीच्या १९५९ च्या ईबी-० या बासवर नेकला खेटून मोठा हंबकर बसवलेला असे आणि त्याच्या कॉइलचा रोध तीस हजार ओहमच्या घरात जाई. जागा आणि वेढे दोन्ही एकाच दिशेने ओढणारे, त्यामुळे तो आवाज इतका गडद का, ते या फळीवर लगेच समजलं.

पण मला ज्याने सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ती जागा होती १७ सेंटिमीटरच्या थोडी पुढे. तंबोरा ज्यांनी शांतपणे ऐकलाय त्यांना स्वयंभू गंधार माहीत आहे. खर्जाची तार छेडली की तिच्यातूनच आपोआप ऐकू येणारा गंधार. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. पाचवा उपस्वर वाजताना तार पाच सारख्या भागांत हलते, आणि त्या भागांच्या सांध्यावर ती त्या उपस्वरापुरती अजिबात हलत नाही. ८६४ चा पाचवा भाग म्हणजे जवळपास १७३ मिलिमीटर. पिकअप तिथे आणला, ई तार मोकळी सोडली, आणि गंधार नाहीसा! पडद्यावर २०६ हर्ट्झला जो उंच काटा उभा असायचा तो जमिनीला टेकला. पिकअप एक सेंटिमीटर मागे घेतला की तो परत उगवायचा. कान पिकअपच्या आवाजाकडे लावून हाताने पिकअप हळूहळू सरकवला तर तो येतो, जातो, पुन्हा येतो. कितीतरी वेळ मी तेवढंच करत बसले. पिकअपची जागा म्हणजे काय, हे त्या गंधाराने मला कुठल्याही आकृतीपेक्षा स्पष्ट सांगितलं.

त्याच जागी पिकअप ठेवून पाचव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या धातूच्या पट्टीवर, तार दाबली. तारेची लांबी आता साधारण ६४७ मिलिमीटर झाली, पाचवा भाग १२९ वर सरकला, आणि गंधार परतला. आता चौथा उपस्वर अशक्त झाला, कारण ६४७ चा चौथा भाग १६२ च्या आसपास, पिकअपपासून जेमतेम सेंटिमीटरभर दूर. म्हणजे पिकअपची जागा प्रत्येक स्वराला वेगळी चाळणी लावते. ‘पिकअप बरोबर २४व्या फ्रेटच्या जागी असला की गोड वाजतो’ असं वाजवणाऱ्यांत बरंच बोललं जातं. ती जागा तारेच्या पाव लांबीवर, २१६ मिलिमीटरला येते, आणि मोकळ्या तारेपुरतं तिथे काही विशेष आहे हे खरं. पहिल्या फ्रेटवर बोट पडताच ते विशेष संपतं. तिथला आवाज लोकांना आवडतो तो जागा नेककडे असल्यामुळे. त्यात एखादा ठरावीक बिंदू शोधण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालं.

जॅझ बासच्या बाबतीत हीच गोष्ट लोकांनी कानांनी ओळखली आहे. सत्तरच्या दशकात फेंडरने ब्रिजकडचा पिकअप साधारण एक सेंटिमीटर आणखी ब्रिजकडे सरकवला. एवढ्याशा फरकाने तो आवाज जास्त खणखणीत झाला आणि अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्यांनी तो उचलून धरला. उलट अमेरिकन बासवादक जॅको पॅस्टोरियस यांचा १९६२ चा जॅझ बास, फ्रेट काढून टाकलेला. त्यांचा तो बोलका, नाकातला स्वर मुख्यतः ब्रिजकडच्या पिकअपचा. मी फळीवर पिकअप मागे नेला की त्या आवाजाची नुसती चाहूल लागायची. बाकीचा अर्थात त्यांच्या हातातला.

डग्ग्याच्या जोडीला काय चालेल, हे ठरवायला तबलेवाल्या मित्राला घरी बोलावलं. तो दादरा धरून बसला आणि मी पिकअप सरकवत एकच ओळ वाजवत राहिले. ई आणि ए तारांना पिकअप बारा-तेरा सेंटिमीटरवर असला की प्रत्येक स्वर डग्ग्यातून वेगळा निघायचा, ठोका आणि स्वर दोन्ही ठेवून. डी आणि जी तारा मात्र तिथे पातळ वाटत. त्यांना सोळा-सतरा लागत होते. प्रिसिजन बासच्या दोन तुकड्यांची नेहमीची मांडणी याच्या नेमकी उलट: जाड तारांचा तुकडा नेककडे, बारीक तारांचा ब्रिजकडे. काही बनवणारे हे तुकडे अदलाबदल करून बसवतात, आणि त्यांनी तसं का केलं ते आता मला कानांनी कळलं. माझी मांडणी ठरली.

आता कॉइल. सांगलीच्या ऊसपट्ट्यात मोटार रिवाइंडिंगची दुकानं जागोजागी आहेत, उन्हाळ्यात शेतीपंप जळाले की तिथे रांग लागते. आमच्या ओळखीच्या अशाच एका काकांकडे पंख्याची कॉइल गुंडाळायचं हाताचं मशीन होतं, वेढे मोजणारा आकड्यांचा काउंटर लावलेलं. पिकअपला लागणारी तार मात्र त्यांच्या कामातली नव्हती. फेंडरच्या पिकअपना अमेरिकन मापातली ४२ नंबरची तार असते, जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंग वायर इंग्रजी मापात मिळते, त्यात सगळ्यात जवळची ४६ नंबरची, ०.०६१ मिलिमीटर. ती मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मागवली. बॉबिनसाठी फायबर शीट कापली, त्यात पाच मिलिमीटर जाडीच्या अल्निकोच्या खुंट्या घट्ट बसवल्या. त्या खुंट्या परगावाहून मागवाव्या लागल्या. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू.

केसाएवढी तार दहा हजार वेळा गुंडाळायची तर ताण सगळ्यात महत्त्वाचा. जास्त ओढली की ती लांबते, बारीक होते आणि तुटते. सैल सोडली की कॉइल फुगतो आणि वेढे आत हलत राहतात. काकांनी नमद्याचे दोन तुकडे चिमटीत धरून त्यातून तार सोडायला शिकवलं. ‘‘तिला ओढू नकोस बाळ. ती येते तेवढी येऊ दे, तू फक्त वाट दाखव,’’ असं म्हणत त्यांनी माझं मनगट टेबलावर टेकवलं. बॉबिनच्या गोल टोकांवरून तार वळताना ताण वाढतो, सरळ बाजूवर कमी होतो, त्यामुळे चिमटीत एक लयबद्ध स्पंदन जाणवतं. ते स्पंदन सारखं असलं की कॉइल नीट चाललाय. काका तर बघायचेही नाहीत, तारेच्या रिळाच्या आवाजावरून सांगायचे की वेग वाढलाय. एका तुकड्यात दहा हजार वेढे, सरासरी एक वेढा दहा सेंटिमीटरचा, म्हणजे मुठीत मावणाऱ्या त्या वस्तूत एक किलोमीटर तार बसते.

दोन्ही तुकडे एकमेकांच्या उलट करायचे असतात. एकात उत्तर ध्रुव वर आणि वेढे घड्याळाच्या दिशेने, दुसऱ्यात दक्षिण ध्रुव वर आणि वेढे उलट. तारेचा सिग्नल दोन्हींतून एकाच दिशेने येतो. बाहेरून आलेली विजेच्या लाइनची घूं मात्र चुंबकाला ओळखत नाही, फक्त वेढ्यांच्या दिशेप्रमाणे येते, त्यामुळे दोन तुकड्यांत ती विरुद्ध येते आणि एकमेकीला खाते. आपल्याकडे हे अमेरिकेपेक्षाही जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. आपली लाइन ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर ४९ हर्ट्झचा आणि मोकळी जी तार ९८ ची. म्हणजे साध्या सिंगल कॉइलमधून येणारी घूं आणि तिचा दुप्पट स्वर हे बासच्या जी स्वराला अगदी चिकटून, पण किंचित बेसूर. जी स्वराभोवतीचं गाणं असेल तर पाठीमागे चुकीचा लावलेला खर्ज सतत चालू असल्यासारखं होतं. अमेरिकेत लाइन ६० ची, तिथे हा त्रास दुसऱ्या स्वरांपाशी होतो.

यातली एक बारीक गोष्ट. जॅझ बासचे दोन पिकअप उलटे जोडले गेले तर आवाज एकदम पातळ होतो, कारण दोघेही त्याच तारा ऐकतात. प्रिसिजनचे दोन तुकडे वेगवेगळ्या तारा ऐकतात. ते उलटे जोडले तरी आवाज तसाच राहतो, घूं मात्र रद्द व्हायच्या ऐवजी दुप्पट होते. त्यामुळे नुसतं वाजवून जोडणी तपासता येत नाही. विजेच्या ट्यूबलाइटजवळ नेऊन, तारा हाताने दाबून ठेवून ऐकावं लागतं.

मी दोन संच गुंडाळले. एकात तुकड्याला दहा हजार वेढे, दुसऱ्यात साडेसात हजार. चुंबक, बॉबिन, तार सगळं तेच. पहिल्याचा रोध साडेअकरा हजार ओहम, दुसऱ्याचा आठ हजारांच्या थोडा वर. बाजारात पिकअपचं वर्णन या रोधावरच करतात, आणि मला ते अपुरं वाटतं. तार थोडी बारीक घेतली तर वेढे तेच राहूनही रोध वाढतो. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या जवळपास बदलतो, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी मोजलेला पिकअप डिसेंबरच्या पहाटेपेक्षा दहा टक्के ‘जास्त’ दाखवतो. आवाज तोच!

आवाज ठरवणारी खरी राशी इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला कॉइल करतो तो विरोध, आणि तो वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. माझ्या दहा हजारांच्या संचाचा सहा हेन्रीच्या आसपास आला, साडेसात हजारांचा साडेतीनच्या आत. कॉइल एकटा कधीच नसतो. त्याला व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचं बटण), टोनचा पॉट आणि केबल जोडलेली असते. साध्या पाच मीटर केबलची धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, ५०० पिकोफॅरडच्या घरात. इंडक्टन्स आणि धारिता मिळून एका ठिकाणी आवाज उंचावतो आणि त्याच्या पुढे झपाट्याने उतरतो. माझ्या जड संचात ते शिखर पावणेतीन हजार हर्ट्झच्या आसपास आलं, हलक्यात साडेतीन हजारांजवळ. ऐकताना फरक असा: जड संच भरदार, मोठा, मधल्या पट्टीत छाती काढून बोलणारा, तारेवर बोट घासल्याचा आवाज झाकणारा. हलका संच दोन पावलं मागे, पण बोट तारेला लागल्याचा नेमका क्षण त्यात ऐकू येतो. खालचे स्वर दोन्हींत सारखेच आले. जास्त वेढे म्हणजे जास्त खर्ज हा समज खरा नाही. वरचं कमी झालं की खालचं जास्त वाटतं, इतकंच.

केबलचा परिणाम इतका असेल याची मला कल्पना नव्हती. पाचच्या जागी दहा मीटरची केबल लावली की हलका संच जवळजवळ जड संचासारखा बोलायला लागला. ईएमजी कंपनीच्या पिकअपसारखे ॲक्टिव्ह पिकअप वेगळे वाटतात त्याचं मोठं कारण हेच. त्यांच्या आतच छोटा ॲम्प्लिफायर असतो, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, त्यामुळे कॉइलला पुढची केबल दिसतच नाही.

दोन तुकडे एकामागे एक जोडण्याऐवजी समांतर जोडूनही पाहिले. इंडक्टन्स चौथाईवर येतो, आवाज निम्म्यावर, आणि वरची धार खूप वाढते. आमच्या कामाला तो कोरडा वाटला.

चुंबकावर लोक तासन् तास बोलतात. माझ्या जुन्या पिकअपमध्ये सिरॅमिकची पट्टी आणि पोलादी खुंट्या होत्या. त्यातल्या कॉइलशी मी माझ्या मोजमापांची तुलना केली तेव्हा दिसलं की पोलाद कॉइलच्या आत असल्यानेच इंडक्टन्स बराच वाढतो. म्हणजे ‘सिरॅमिकचा आवाज’ म्हणून आपण जे ऐकतो त्यात पोलादाचा आणि वेढ्यांचा वाटा मोठा असतो. अल्निको खुंट्यांचा फरक आहे, ठोका जरा मऊ पडतो, पण जागेच्या फरकापुढे तो लहान. पिकअपची उंची त्याहून जास्त बोलते. स्क्रू फिरवून पिकअप तारेच्या फार जवळ आणला की आवाज वाढतो आणि ठोका आडदांड होतो, आणि वरच्या फ्रेटवर चुंबक तारेला ओढायला लागतो, स्वर किंचित डोलतो. मी शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला तीन मिलिमीटर, बारीक बाजूला त्याहून थोडं कमी ठेवते.

कॉइल मेणात बुडवणं शेवटचं. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेण घालून, पातेलं गरम पाण्यात ठेवून, ६५ अंशांच्या वर जाऊ न देता. कॉइल आत सोडला की वेढ्यांमधली हवा बारीक बुडबुड्यांच्या माळेने वर येते. माळ थांबली की काढायचा. मेण नसेल तर वेढे स्वतः थरथरतात, पिकअपवर नख मारलं तरी स्पीकरमधून ऐकू येतं, आणि मोठ्या आवाजात शिट्टी वाजते.

तुणाच्या फळीचा शेवटी वापरायचा बास झाला. खाच तशीच ठेवली, वर ॲक्रिलिकचं झाकण कापून बसवलं, त्यात दोन तुकड्यांच्या जागा माझ्या मापाने: ई-ए साडेबारा सेंटिमीटरवर, डी-जी साडेसोळावर. संच हलका, पॉट २५० किलोओहमचे, टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. भावगीतांना टोन पूर्ण बंद करते. तेव्हा साधारण ३०० हर्ट्झच्या वरचं उतरत जातं आणि डग्गा हलका असलेल्या गाण्यात ते शोभतं. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमरसन यांच्याकडे १९६२ चा प्रिसिजन, त्यावर चपट्या वेष्टणाच्या तारा आणि ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज असायचा. मी ब्रिजपाशी स्पंजाची पट्टी ठेवून पाहिली आणि लगेच काढली. आमच्या गाण्यांत स्वर लांबवावा लागतो, मींडेला तो दाबून चालत नाही.

पहिला कार्यक्रम लावण्यांचा होता. ढोलकी अगदी शेजारी. साउंडवाल्या दादांनी चाचणीला माझा चॅनल उघडला, मधल्या पट्टीच्या बटणापर्यंत हात नेला आणि न फिरवता खाली घेतला. ‘‘ताई, हे असंच राहू दे,’’ म्हणाले. ई तारेवर तिहाईच्या आधीची उतरण वाजवताना प्रत्येक स्वर मला माझ्याच मॉनिटरमध्ये वेगळा ऐकू येत होता. याच्यासाठीच सगळं केलं होतं.

आता ब्रिजकडे आणखी एक पिकअप हवा आहे, कोकणी गाण्यांच्या चलाख ओळींसाठी. सरळ जॅझ पिकअप लावला तर त्याची घूं रद्द करायला जोडीदार नाही, कारण प्रिसिजनचे दोन तुकडे आपापसात ती आधीच मिटवतात. म्हणून एकाखाली एक असे दोन कॉइल गुंडाळते आहे. वरचा तार ऐकेल, खालचा फक्त घूं. खालच्या कॉइलमुळे इंडक्टन्स वाढणार, म्हणून वेढे कमी ठेवावे लागतील. वरचा सहा हजारांवर थांबवून पाहणार आहे. काकांच्या मशीनला उसाचा हंगाम संपेपर्यंत उसंत आहे.